चढासाठी मोठी चकती

सोमवार, ७ एप्रिल

आजही अग्नी गावाच्या शेवटच्या चढावर मोटरसायकल बंद पडली. पहिला गिअर होता, मूठ पूर्ण पिळलेली होती, तरी इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मागे पेटीत तारल्या आणि बर्फ, म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस बसवल्यासारखंच. ब्रेक दाबून तशीच उभी राहिले. उतरले तर गाडी मागे जाणार, नाही उतरले तर पुढे जाणार नाही. शेवटी वरून इद्दर आला आणि त्याने ढकललं. तो मधमाश्या पाळतो, त्याचं कुंपण त्या वळणालाच आहे, म्हणून दर वेळी त्याच्या कामाचा खोळंबा होतो.

गावात पोचले तेव्हा दुपारची बांग होऊन गेली होती. वरचा थर बरा होता. खालच्या थरातल्या तारल्यांचं पोट दाबलं तर बोट आत जात होतं. त्या विकल्या नाहीत. नेहमीची गिऱ्हाईक लल्ला तूदा म्हणाली, "अगं, तळल्यावर कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हटलं.

"मग तू खाऊ नकोस. मला दे."

दिल्या नाहीत. मांजरांची चंगळ झाली.

बाबा फेरी करायचे तेव्हा असं होत नसे. किनाऱ्याच्या सडकेवरच्या गावांतच त्यांची बहुतेक पेटी रिकामी व्हायची आणि उरलेल्या चार मुठी घेऊन ते डोंगर चढायचे. आता सडकेवर बर्फाच्या खोलीवाल्या मोठ्या गाड्या येतात, तिथे माझ्याकडून कोण घेणार? राहिला डोंगर. तिथे त्या गाड्या वळू शकत नाहीत. पण आता भरलेली पेटी चढवावी लागते, आणि गाडी चढत नाही.

बाबा शरद ऋतूत शिडीवरून पडले, तेव्हापासून त्यांचा खुबा वाकत नाही. किक मारणं संपलं. अगादिर शहरातल्या काकाने निरोप पाठवलाय: दोन महिने, मोठ्या ईदपर्यंत बघा, जमलं नाही तर गाडी विका आणि केल्तूमला, म्हणजे मला, इकडे पाठवा, डबाबंद माशांच्या कारखान्यात जागा आहे. पांढरी टोपी घालून दिवसभर तारल्यांची डोकी कापायची. काका चांगल्या मनाने सांगतोय. मला जायचं नाही. हे घरात कोणाला बोलले नाही. बोलले तर बाबांना वाटेल, मुलगी हट्टाला पेटली.

बुधवार, ९ एप्रिल

दा बेलईदच्या गॅरेजात गेले. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि म्हणाले, "इंजिनाला काही झालेलं नाही. तू त्याला हमालाचं काम दिलंस आणि चप्पल दिलीस नाचायची."

मग समजावून सांगितलं. पुढे इंजिनाजवळ लहान दातेरी चकती, मागच्या चाकाला मोठी, मध्ये चेन. मागची सध्या अडतीस दातांची आहे. तिथे पंचेचाळीस दातांची बसवली तर प्रत्येक गिअर मऊ होतो, गाडी ओझं घेऊन चढते. मात्र सपाटीवर तोच वेग गाठायला इंजिनाला जास्त पळावं लागतं, आणि पूर्वीचा वरचा वेग मिळत नाही.

"म्हणजे सडकेवर उशीर होणार," मी म्हटलं.

"होणार."

"आणि चढावर वेळ वाचणार."

"वाचणार."

"मग एकूण?"

"एकूण तू मला विचारून विचारून म्हातारा करणार. घेतेस का नाही? ती चकती तीन वर्षं भिंतीवर लटकतेय. पालींची दोन लग्नं लागली तिच्यावर."

घरी येऊन हिशेब मांडला. मी शाळेत गेले ती एकदम चौथीत. त्याआधीचं सगळं आत्याने घरात शिकवलं, भागाकार भाकरीवर आणि अपूर्णांक अंड्यांवर. तिचा नियम होता, उत्तर आलं की उलटं करून तपासायचं. उलटं करून तपासलं. सडकेवर जेवढं जातं त्यापेक्षा चढावर जास्त वाचतं. पण हे कागदावर. बंदरावरच होड्या उशिरा लागल्या तर? समोरून वारा असला तर?

गुरुवार, १० एप्रिल

बाबांना सांगितलं. ते गच्चीवर बसले होते, हल्ली दिवसभर तिथेच असतात.

"नको," ते म्हणाले.

"का पण?"

"इंजिन किंचाळत राहील. आता कशी बोलते ती, ऐकलंस कधी? खालच्या पुलावर डुग डुग डुग, अर्गानच्या झाडांपाशी दुसरा गिअर, मग थोडी थांबून तिसरा. काल तू तिसरा उशिरा टाकलास."

मला वाईटच वाटलं. ते इथे बसून माझ्या चुका मोजतात. यापुढे तिसरा वेळेवर टाकला पाहिजे.

"बाबा, चुका होतात, पण चकतीचं बोलू या ना."

"मोठी चकती घातलीस तर मला इथून कसं..." आणि ते थांबले.

"कसं काय?"

"काही नाही. चेन. चेन लवकर झिजेल म्हणतोय मी."

चेनचं दा बेलईदना विचारायला हवं.

आत्याचं मत उलट आहे. ती जात्याशी बसल्या बसल्या म्हणाली, "बसव बाई बसव. ज्या गाडीला पळता येत नाही, तिच्यावरून पडताही येत नाही. जमत असेल तर शंभर दातांची बसव." शंभर दातांची मिळत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुला कुठली गोष्ट थट्टेत घेता येत नाही का गं?"

शनिवार, १२ एप्रिल

पुन्हा ढकलावं लागलं. ढकलता ढकलता इद्दरला चकतीचं सांगितलं, कारण तो रोज त्या चढावर असतो, त्याचा अनुभव मोलाचा. तो एकदम ठाम बोलला, "मुळीच बदलू नकोस. चेन तुटते."

"कोणाची तुटली?"

"माझ्या मावसभावाची."

"त्याच्याकडे गाडी आहे?"

"नव्हती. म्हणजे, ज्याची होती त्याने त्याला सांगितलं."

दोन माणसं चेनचं बोलली म्हणजे त्यात तथ्य असणार. इद्दरने नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी मासे घेतले. त्याच्या आईला माशाचा वास चालत नाही, हे मला लल्ला तूदाने सांगितलंय. मग हा दर खेपेला तारल्या घेतो त्या जातात कुठे? माझ्यावर दया म्हणून घेत असेल तर मला ते पटत नाही. पुढच्या वेळी स्पष्ट विचारीन.

बुधवार, १६ एप्रिल

दा बेलईद म्हणाले, चेनीची इतकी भीती असेल तर आधी पुढची चकती एका दाताने लहान करून बघ, त्याला नवी चेन लागत नाही. ती बसवली. आज चढ निम्म्यापेक्षा जास्त चढले! शेवटच्या वळणावर मात्र गाडी थकली. इद्दर तिथे उभाच होता.

"बघ," तो म्हणाला, "काही उपयोग नाही असल्या गोष्टींचा." मला वाटलं, माझं फसलं म्हणून त्याला वाईट वाटेल. तसा काही दिसला नाही.

तारल्यांचं विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "खत. शेतात घालतो." शेतात घालायला तो ताज्या तारल्या घेतो! मी म्हटलं, खतासाठी मी तुला मऊ पडलेल्या फुकट आणून देईन, ताज्यांचे पैसे वाया घालवू नकोस. त्याने ताज्यांचेच पैसे माझ्या हातात कोंबले. बहुतेक संकोच वाटला.

सोमवार, २१ एप्रिल

आठवडाभर आलटून पालटून विचार करतेय. बाबा नको म्हणतात आणि गाडी बाबांची आहे. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन काही केलं तर ते चुकीचंच, मग गाडी उडत का चढेना. दुसरीकडे, आज पुन्हा बांगेनंतर पोचले आणि पुन्हा मांजरं जेवली. असंच चाललं तर ईदनंतर गाडीही बाबांची राहणार नाही. मग नक्की कशाचा मान राखायचा?

शेवटी जेवताना सरळ विचारलं. "बाबा, मी बसवू का? तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही."

ते बराच वेळ जवाच्या भाकरीचा तुकडा तेलात फिरवत राहिले. आत्या म्हणाली, "बिही, बोल की. भाकरी पोहायला शिकली."

"बसव," बाबा म्हणाले. "मोठी चेन घे. जुनीला कडी जोडू नकोस."

गुरुवार, २४ एप्रिल

परवा चकती बसली. पुढे मूळची परत लावली, मागे पंचेचाळीस, नवी चेन. आज पहिली फेरी.

आधी चांगलं लिहिते. सडकेवर इंजिन डास अडकल्यासारखं किरकिरत होतं आणि लोक वळून बघत होते. पण चढ! शेवटचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले. इद्दर ढकलायला पुढे आला, आणि मी त्याच्या शेजारून हात हलवून निघून गेले. दुपारच्या बांगेला चांगला अवकाश होता. पेटी उघडली तर बर्फ अजून कडक.

आणि गावात कोणी नाही.

नेहमी मी पाण्याच्या टाकीपाशी पोचायच्या आत बायका परडी, वाडगी घेऊन उभ्या असतात. आज दारं बंद. कोपऱ्यावर एक बाई सरपणाच्या मोळीवर घाईघाईने घोंगडी टाकताना दिसली, मला पाहून आत पळाली. मला वाटलं, गावात कोणी गेलं की काय. मग वाटलं, सोमवारच्या तारल्या कोणाला बाधल्या असतील. कोणाला विकल्या, कोणत्या थरातल्या, सगळं आठवून बघितलं. बांग झाली, पुरुष मशिदीतून बाहेर आले, तेव्हा कुठे लल्ला तूदाने दार किलकिलं केलं.

"गेला का तो?"

"कोण?"

"जंगलवाला. मघाशी गाडी किंचाळत आली ना त्याची."

वनरक्षकाची गाडी अशीच कर्कश ओरडत येते, आणि अर्गानची लाकडं तोडलेली सापडली की तो दंड लावतो. अख्ख्या गावाने सरपण लपवलं आणि दारं लावून घेतली. ती माझी गाडी होती हे कोणाला कळलं नाही. बाबांची डुग डुग ऐकून गाव वीस वर्षं वाडगी घेऊन बाहेर येत होतं. ती डुग डुग मी चकतीबरोबर काढून टाकली.

अर्धी पेटी परत आणली.

घरी आले तर बाबा गच्चीवर कठड्याला धरून उभे. डॉक्टरांनी उभं राहायचं नाही म्हणून बजावलेलं असताना! मी खूप बोलले. ते म्हणाले, "कोण येतंय ते बघत होतो." इतकं काय बघायचं? मीच येणार होते.

शुक्रवार, २५ एप्रिल

दा बेलईदच्या घरी जाऊन म्हटलं, जुनी चकती परत बसवून द्या.

"गाडी चढली?"

"चढली."

"मग चकतीने तिचं काम केलं. लोकांना बोलवायचं काम चकतीचं नाही. हॉर्न कशाला दिलाय?"

खरंच की. हॉर्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

शनिवार, २६ एप्रिल

हॉर्न वाजवला. पाण्याच्या टाकीपाशी थांबून तीनदा, लांब. दारं उघडली! बायका आल्या, पोरं आली, दोन म्हाताऱ्या आल्या. सगळ्यांनी गॅसच्या रिकाम्या टाक्या गडगडवत आणल्या होत्या.

गॅसवाला तीनदा लांब हॉर्न देतो, हे मला माहीत असायला हवं होतं. एक म्हातारी टाकी अख्खी गल्ली ओढत आली होती. मासे पाहून तिने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. तिची टाकी मी परत घरापर्यंत नेऊन दिली. तेवढ्यात उन्हाने दोन थर नासवले.

रविवार, २७ एप्रिल

हॉर्न नाही, मग उरतो स्वतःचा गळा.

पण बाबांनी वीस वर्षांत एकदाही हाक दिली नाही. ते म्हणायचे, ज्याचा माल नासका तो ओरडतो. आणि मी? मला वर्गात हजेरी देतानाही घाम फुटायचा. शिवाय ओरडून सांगायचं काय? बाजारातले लोक 'नवरीसारखी ताजी', 'समुद्रातून उडी मारून आली' असलं काहीबाही सांगतात. ते खोटं आहे.

आत्या म्हणाली, "मग खरं ओरड. खऱ्याला काय घसा नसतो?"

बाबांना विचारलं, मी हाक मारली तर तुम्हाला कमीपणा वाटेल का? ते म्हणाले, "मला कुठे ऐकू येणार आहे इथून." हे उत्तर हो की नाही, कळलं नाही.

सोमवार, २८ एप्रिल

सगळं नीट लिहिते.

बंदरावर तारल्या थोड्याच मिळाल्या, म्हणून वर बांगडे घेतले. ते कालच्या होडीचे होते. बर्फात नीट ठेवलेले, खायला चांगले, पण कालचे. चढ सहज चढला. टाकीपाशी इंजिन बंद केलं. सगळी दारं बंद. एक कोंबडा माझ्याकडे बघत होता.

पहिल्यांदा तोंड उघडलं तर नुसती हवा आली. दुसऱ्यांदा ओरडले, "तारली! पहाटेची तारली! बिहीची मुलगी आलीये!" स्वतःचाच आवाज डोंगरावरून परत आला, मी दचकले. एक खिडकी हलली. मग माझ्या मनात आलं, फक्त तारल्यांचं सांगितलं तर बायका समजतील सगळंच पहाटेचं. ते बरोबर नाही. म्हणून आणखी मोठ्याने ओरडले, "बांगडे कालचे आहेत! बांगडे कालचे!"

मग कुठल्यातरी भिंतीमागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसऱ्या घरात. मग सगळी गल्ली.

"अगं बाई, कोण गं ही? स्वतःच्या मालाची नालस्ती करतेय!"

"बिहीची! अशी दुसरी कोण असणार!"

दारं उघडली. लल्ला तूदा पदराने डोळे पुसत आली. टाकीवाली म्हातारीही आली आणि म्हणाली, "मला ते कालचेच दे. आजच्यांची खात्री कोण देणार, कालच्यांची तू दिलीस." बायकांनी स्वतः पेटीत हात घालून मासे निवडले, कल्ले उघडून पाहिले, एकमेकींच्या परडीतले पळवले. मी काय बोलत होते मला आठवत नाही. बांग झाली तेव्हा पेटीत फक्त बर्फ होता.

इद्दर सगळ्यात शेवटी आला. त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "हाक माझ्या कुंपणापर्यंत आली." मी विचारलं, फार कर्कश होती का? तो म्हणाला, नाही.

गुरुवार, १ मे

पुन्हा पेटी रिकामी. परतताना चेन बघायला दा बेलईदकडे थांबले. दोन वेगवेगळ्या माणसांनी भीती घातली होती, म्हणून विचारलं. त्यांनी चेन बोटाने उचलून पाहिली. "सैल नाही, झिजली नाही, तुटायचा तिचा विचार नाही. कोण ती माणसं?" सांगितल्यावर ते हसायला लागले आणि थांबेचनात. गॅरेजवाल्यांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

घरी बाबा म्हणाले, "अर्गानपाशी आता तिसरा आधी टाकतेस."

"टाकावा लागतो. नवीन चकतीला लवकर बदलावं लागतं."

"हं," ते म्हणाले. "तसं वाटलंच." आज ते बसलेले होते, हे चांगलं.

सोमवार, ५ मे

काकाचा फोन आला तेव्हा मी अग्नीत मशिदीमागच्या खडकावर होते, रेंज तिथेच मिळते. कारखान्यात नाव द्यायचंय, ईदनंतर कितव्या दिवशी येतेस, असं त्याने विचारलं.

"मी येत नाही, काका."

"बिहीला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. विचारायच्या आधीच तोंडातून निघून गेलं होतं. मी म्हटलं, "संध्याकाळी विचारते."

काका म्हणाला, "आधी नाही म्हणायचं आणि मग विचारायचं! ही पद्धत आत्याने शिकवली काय?" पण रागावला नाही. अगादिरला आलीस तर बांगडे घेऊन ये म्हणाला, आजचे. माझ्या हाकेची गोष्ट तिथवर पोचलीये.

संध्याकाळी बाबांसमोर बसले. किती फेऱ्या, किती मासे विकले, पेट्रोल किती जास्त लागतं, सगळं पाठ केलं होतं. नवीन चकतीवर पेट्रोल जास्त लागतं, तेही लपवलं नाही. बाबांनी निम्म्यातच हात वर केला.

"तिझगीला गेलीस का?"

तिझगी अग्नीच्याही वर आहे. बाबा तिथे कधीच माशांना गेले नाहीत, ते जुन्या चकतीला शक्यच नव्हतं. फक्त तरुणपणी एकदा लग्नाला गेले होते, पायी.

"नाही गेले."

"दोन ओढे लागतात. दुसरा उजवीकडून ओलांडायचा, डावीकडे दगड फसवे आहेत." आणि त्यांनी काठीने गच्चीच्या धुळीत रस्ता काढून दाखवला. मी काकाचा विषय दोनदा काढला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मी तुला रस्ता सांगतोय, तू लक्ष कुठे देतेस?"

शनिवार, १० मे

तिझगी.

अग्नीत अर्धी पेटी विकली आणि तशीच वर निघाले. इद्दर खेचरावर बसून तयार होता, ओढे बदललेत म्हणाला, दाखवतो. ओढे बदलले नव्हते, बाबांनी सांगितले तसेच होते. दुसरा ओलांडल्यावर चढ इतका उभा आहे की जुनी चकती असती तर मी पहिल्याच वळणावरून परतले असते. पहिला गिअर, मूठ अर्धीच पिळलेली, गाडी एका लयीत चढत राहिली. खेचर मागे पडलं.

वरती पंधरावीस घरं, जवाच्या चिंचोळ्या पट्ट्या, एक कुत्रं. इंजिन बंद केल्यावर इतकं शांत झालं की बर्फ वितळल्याचं ऐकू यायला लागलं. इथे कोणाला बाबांची गाडी माहीत नाही, ना जुना आवाज ना नवा. मी पहिली हाक मारली. काही हललं नाही. घसा साफ केला आणि दुसरी मारली, अग्नीत मारते त्यापेक्षा मोठी.

वरच्या घराचं दार उघडलं. एक म्हातारी उंबरठ्यावर आली, डोळ्यांवर हात धरून मला बघितलं, पेटी बघितली, गाडी बघितली.

"कोणाची गं तू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मासेवाली."

"मग उभी काय? वर ये," ती म्हणाली, आणि आत वाडगं आणायला गेली.